मामांचा मार्गशीर्ष

आमच्या घंटेवाल्या मामांएवढा मार्गशीर्ष महिना दुसऱ्या कुणी वापरला असेल, असं मला वाटत नाही. बाकीच्यांना तो कार्तिकानंतर येतो आणि पौषाआधी जातो, एवढंच माहीत असतं. मामा त्यात राहायला जात. एरवी ते लातुरातल्या आमच्या कोचिंग क्लासच्या फाटकाशी स्टुलावर बसत, पितळी घंटा वाजवत आणि अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर वेळापत्रक लिहीत. मार्गशीर्षातही कामं हीच, पण अंगात इस्त्रीचा सदरा.

मी नांदेडहून तिथे रसायनशास्त्र शिकवायला आलो, तेव्हा सगळं गाव परीक्षांच्या नादी लागलेलं होतं. गल्लोगल्ली क्लास, घरोघरी भाड्याच्या खोल्या, डाळमिलच्या रिकाम्या गोदामातसुद्धा बाकं मांडलेली. अशा गावात मामा मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी फाटकात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर दोन बत्तासे ठेवत आणि म्हणत, "नवं साल मुबारक." फार जुन्या काळी वर्ष याच महिन्यापासून मोजत, पुढे लोकांनी ते चैत्रात नेलं, हे त्यांना मंजूर नव्हतं. मला म्हणाले, "लोकायनी बदललं सर, म्हैन्यानं न्हाई बदललं." एकदा किनवटकडच्या एका मुलीने बत्तासा तोंडात टाकत विचारलं, "मामा, हे परीक्षेला येतंय का?" मामा शांतपणे म्हणाले, "न्हाई. म्हनूनच सांगलालाव."

महिना एकदा सुरू झाला की मामांना आवर नसे. गुरुवारी सकाळी तोंडी परीक्षा ठेवायची नाही, कारण गुरुवार लक्ष्मीचा आणि पोरींच्या आया घरी घट मांडून बसलेल्या. चंपाषष्ठीपर्यंत मेसमध्ये वांगं शिजवायचं नाही. ही बंदी पोरांनी डोक्यावर घेतली, कारण वर्षभर वांगं खाऊन ती विटली होती. पण चंपाषष्ठीला मामा स्वतः वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन मेसमध्ये हजर झाले आणि भरीत भाजून होईपर्यंत चुलीपासून हलले नाहीत. दत्ताच्या पौर्णिमेला घंटा एक टोला जास्त वाजे. संचालकांनी कारण विचारलं, तर उत्तर आलं, "देवाचा हाय त्यो. पगारात धरू नका."

मामांना बाराही महिन्यांच्या गोष्टी येत असाव्यात, पण भाद्रपदाची कधी ऐकली नाही. एकदा मीच विषय काढला. ते फळा पुसत होते, तो पुसून झालेला असतानाही पुसत राहिले आणि म्हणाले, "भाद्रपद ऱ्हाऊ द्या सर." त्यांचं गाव औशाच्या पलीकडे. गणपती बुडवायची मिरवणूक बघायला ते लातूरला आले, पाहुण्यांकडे मुक्कामाला राहिले आणि पहाटे भूकंप झाला. गावातलं घर गेलं, घरात बायको होती तीही गेली. हे मला मेसवाल्याने सांगितलं. वाचलेल्या लोकांना दूर माळावर सिमेंटची घरं मिळाली, बरेचजण पुण्याला, सोलापूरला पांगले. जुन्या गावाशेजारची शेतं तेवढी जागच्या जागी राहिली.

म्हणून मामांचा सगळा मार्गशीर्ष शेवटच्या दिवसासाठी, वेळ अमावस्येसाठी होता. तिकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर जिल्हा शेतात जेवतो. ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे आणि भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी, आंबील, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, हे सगळं खाऊन आडवं व्हायचं. मामांचं पांगलेलं गाव वर्षातून त्या एकाच दिवशी एका जागी जमे. मामांनी दिवाळीची सुट्टी कधी मागितली नाही, पण येळवस चुकवली नव्हती.

येळवसीची सुट्टी कधी द्यायची, हे संचालक मामांनाच विचारत. मामा भिंतीवरचं कॅलेंडर कधी बघत नसत. "आईला तिचं नाव इच्यारावं का?" असं म्हणून बोटांवर मोजत. त्या वर्षी मोजून त्यांनी फळ्यावर लिहिलं: मंगळवारी सुट्टी, सोमवारी मोठी चाचणी.

सोमवारी सकाळी मी घराबाहेर पडलो, तर एकही ऑटो नाही. दुकानांची शटर खाली, आणि टोपल्या, गाडगी, लेकरं भरलेले टेम्पो गावाबाहेर निघालेले. अमावस्या सोमवारी दुपारीच लागत होती, आणि येळवस दुपारच्या अमावस्येला करतात, म्हणून ती सोमवारीच होती. मामांनी इतर सणांसारखी सूर्योदयाची अमावस्या धरून मंगळवार लिहिला होता. फाटकाशी मामा घंटेचा दांडा हातात धरून रस्त्याकडे बघत उभे होते. लातूरची पोरं आलीच नव्हती, पण बाहेरगावची तीसेक पोरं पेपरची वाट बघत होती.

मी म्हणालो, "मामा, तुम्ही जा. घंटा मी वाजवतो."

"न्हाई सर. फळ्यावर माझ्या हातचं हाय." आणि त्यांनी घंटा वाजवली. त्या दिवशी एकही टोला चुकला नाही. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मंगळवारी मी त्यांना माझ्या लुनावर मागे बसवून त्यांच्या शेतावर नेलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं. शेतात कुणी नव्हतं. तुडवलेली वाट, विझलेली चूल, शेंगांची टरफलं. मामा वाकून खोपीत शिरले, मी मागोमाग. पांडवांशेजारी आंबिलीचं एक गाडगं होतं, वर मातीचं झाकण, झाकणावर फडक्यात बांधलेला उंडा. मला फार आनंद झाला. म्हणालो, "बघा मामा, तुमच्यासाठी ठेवून गेलेत."

"माझ्यासाठी न्हाई सर," मामा म्हणाले. "दर साली ठेवतेत. भूकंपापसनं. जे आता येत न्हाईत त्यांच्यासाठी. झाकन मीच घालीत असतो."

मग ते मांडी घालून बसले आणि फडकं सोडून उंडा हातात घेतला. "यंदा मीबी न आलेल्यातच हाय," ते म्हणाले. "बसा. खाऊ." त्यांनी उंडा मोडला, अर्ध्याचे दोन वाटे केले, आंबील ओंजळीने घेतली. उरलेला अर्धा फडक्यात नीट बांधून पुन्हा झाकणावर ठेवला. "तिला उंडा लई आवडायचा," एवढंच म्हणाले आणि उठले.

पुढच्या वर्षी घंटेशेजारच्या खिळ्यावर एक कॅलेंडर आलं. नंतर क्लासला पाच मजली इमारत मिळाली, विजेची घंटा आली, आणि मी नांदेडला परत आलो. मामा गेल्याचं मला महिन्याभराने कळलं.

आता इथे मला येळवसीशी काही देणंघेणं नाही. तरी मार्गशीर्ष लागला की मी कॅलेंडरात अमावस्या किती वाजता लागते ते बघून ठेवतो. त्या दुपारी तिकडे कुणीतरी गाडग्यावर झाकण ठेवत असेल. त्यावरचा अर्धा उंडा आता मामांचा आहे, आणि बाकीचा अर्धा कुणाचा, ते मला ठाऊक आहे.