मी बांधलेली मोटार

गावच्या विहिरीवर पाटलांनी तांब्या वाकडा केला आणि मी बांधलेल्या मोटारीवर गोमूत्र ओतलं. माझ्यादेखत.

मी लांब उभी होते. विहिरीच्या पायऱ्या आम्हाला बंद होत्या.

"मालक, ओतू नका," मी म्हणाले. "आत तारांचं वाइंडिंग हाय, भिजलं तर जळंल."

"तुझा हात लागलाय तिला. शुद्ध केल्याबिगर इहिरीत कशी उतरवू?"

त्यांच्या माणसांनी मोटार खाली बसवली. बटण दाबलं. ती नुसतीच गुणगुणली, फिरली नाही. मग धूर. जळक्या वार्निशचा वास वरपर्यंत आला.

लातूर नवा जिल्हा झाला होता. धुळीतून जीपा यायच्या, साहेब विहिरीत डोकावून जायचे. पावसाचा पत्ता नव्हता. तळाला उरलेलं पाणी तेवढी एक मोटार टाकीत चढवायची. आधी गाव भरायचं. उरलं तर आमचा बौद्धवाडा. बाबा निलंग्याच्या एका दुकानात मोटारी बांधायचे, जळकी तार काढून नवी भरायचे. त्यांची नजर अधू झाली तसं ते काम मी हातात घेतलं. रनिंगची तार जाड, स्टार्टिंगची बारीक. मोटारीला पहिला झटका स्टार्टिंगच देते. तीच जळाली होती.

"म्हाराचा हात लागला. जळणारच," पाटील म्हणाले.

बाबांनी हात जोडले. "चुकलं मालक. पोरगी पुन्हा बांधून देईल."

काय चुकलं? कुणाचं? ह्याच हातांनी बाबांनी मला तार भरायला शिकवलं होतं. ते जोडलेले बघून मला कीव आली नाही. राग आला. त्यांचा. माझाही. माझ्या तोंडातल्या त्या 'मालक'चा.

पोत्यात घालून मोटार निलंग्याला नेली. जळकी तार उपसली, नवी भरली, वार्निश पाजून वाळवली. परत आले तेव्हा विहिरीवर सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन उभं होतं. पाटलांच्या हातात पुन्हा तांब्या.

मी पोतं खाली ठेवलं नाही.

"पाटील, ही मोटार मीच बसवणार. खाली उतरून."

मागं कुणीतरी काठी आपटली.

"पायरीवर पाय ठिव, मग बघ," पाटील म्हणाले.

"बघते की."

उतरले. पाठीत दगड बसेल असं प्रत्येक पायरीला वाटत होतं. बोल्ट आवळले. तारा जोडल्या. मोटार सुरू झाली. मग वाकून ओंजळीनं पाणी प्याले. वर काठ्या होत्या, पण गावाला तहानही होती. कुणी खाली आलं नाही.

दिवेलागणीला आमच्या वाड्याची वीज तोडली. दुकानदार मीठ देईना. घरासमोर गावची माणसं येऊन उभी राहिली. अंधारात तोंडं ओळखू येत नव्हती.

"पाय धर त्यांचे," बाबा म्हणाले. "जगू दे आपल्याला."

"न्हाई बाबा."

मी दार लावलं नाही. उंबऱ्यात उभी राहिले. आज ना उद्या मोटार पुन्हा जळेल, हे त्यांना ठाऊक होतं अन् मलाही. तेव्हा मलाच बोलावतील. मी बांधीन. पण विहिरीत मीच उतरेन. नाहीतर ती पोत्यातच राहील, आणि गावाबरोबर मीही तहानलेली राहीन.

हात जोडणार नाही.