शून्य रोकड, लखनौ आणि बाबांचा चोरखिसा

‘पाच दिवस लखनौ, जवळ एक रुपयाही रोख नाही!’ असं मी याच ब्लॉगवर मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाठ थोपटली, दोघातिघांनी ‘आल्यावर खर्चाचा तक्ता टाका’ असंही लिहिलं. तक्ता नाही टाकत. काय झालं तेवढं सांगते.

आधी बाबांबद्दल. माझे बाबा बँकेत चौतीस वर्षं कॅशियर होते. त्यातली तीन वर्षं लखनौला, इंदिरा नगरच्या शाखेत. मी तेव्हा इतकी लहान होते की मला काही म्हणजे काही आठवत नाही. गेल्या वर्षी आई गेली आणि तेव्हापासून बाबांनी घोशाच लावला, एकदा लखनौचं घर बघून येऊ. तब्येत तशी ठणठणीत, गोळी फक्त रक्तदाबाची. पण अलीकडे विसरतात. भाजीवाल्याला दोनदा पैसे देऊन आले, एकदा पाचशेची नोट देऊन उरलेले न घेताच घरी. मग मी ठरवलं, यांच्या हातात पैसेच नकोत. सगळं माझ्या फोनवरून. पाकीटमाराची भीती नाही, सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेटं गळ्यात मारून घेणं नाही, आणि कुठे किती गेले ते आपोआप दिसतं. शिवाय ब्लॉगला विषय! खोटं कशाला बोलू, तोही हिशेब होताच.

निघायच्या सकाळी मी त्यांचं पाकीट काढून कपाटात ठेवलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला त्यांच्या खोड्या ठाऊक. त्यांच्या बंड्यांना आईने आतून चोरखिसा शिवून दिलेला आहे. हात घातला तर निघालीच, घट्ट घडी केलेली शंभराची नोट, वरून रबर लावलेलं. “ही राहू दे गं मनू,” बाबा म्हणाले. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, आणि घडी तशीच फ्रिजवरच्या डब्यात टाकून दिली. रिक्षा खाली येऊन उभी होती.

नाशिक रोडहून लखनौ म्हणजे जवळपास एक अख्खा दिवस. डिसेंबरात जाणार असाल तर धुक्याचे चार-पाच तास धरूनच चाला, आणि स्वेटर पिशवीच्या तळाशी ठेवू नका. गाडीत आमचा वाद रंगला. बाबांचं म्हणणं, पैसा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जावा, मध्ये कुणाची परवानगी लागू नये. मी म्हटलं, मध्ये कोण आहे, नुसतं नेट! नसलं तर, त्यांनी विचारलं. मी हसले आणि नोटबंदीची आठवण करून दिली. तेव्हा रांगेत कोण उभं होतं, फोनवाले की नोटावाले? त्यावर त्यांचा हात छातीशी, बंडीकडे गेला. पुढे पाचही दिवस तो हात तसाच जात राहिला. चहावाल्याकडे फोनवरून पैसे घ्यायची सोय नव्हती, त्यामुळे भुसावळपर्यंत चहाही नाही. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी देऊ केला. मला तो घ्यायला लाज वाटली, बाबांना तर फारच.

उतरलो वसुधाकडे. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, वीस वर्षं लखनौत, घर विकास नगरला. तिची मुलगी ईशा मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. बाबांना त्याची मजाच वाटली. दोन तासांत त्यांचीही जुनी हिंदी परत आली, आणि ते वसुधाच्या कामवालीला ‘आप तशरीफ़ रखिए’ म्हणायला लागले. ती बिचारी केरसुणी हातात धरून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी इंदिरा नगर. विकास नगरहून टेढी पुलियाला या, तिथून मुंशी पुलियाला जाणारी ई-रिक्षा पकडा, माणशी दहा रुपये. आमच्या रिक्षावाल्याच्या काचेवर फोनने पैसे द्यायचा चौकोन चिकटवलेला होता, मी खूश. घर सापडलं. खाली ब्यूटी पार्लर, वर कोचिंग क्लास. बाबा रस्त्यापलीकडे उभे राहून गच्चीकडे बघत होते. तिथे आई कुरडया घालायची, म्हणाले, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई बघायला यायच्या, ये क्या बना रही हैं म्हणत. दोन गल्ल्या सोडून त्यांची शाखाही होती, अजून तिथेच. आत जाऊन ते कॅशियरच्या काचेसमोर बराच वेळ उभे राहिले. मला भूक लागली होती, मी त्यांना ओढूनच बाहेर आणलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जुन्या शहरातल्या ‘चौक’ नावाच्या बाजारात मक्खन मलाई. ही फक्त थंडीत मिळते, पहाटेच्या दुधाचा नुसता फेस, तोंडात घालायच्या आत विरघळतो. द्रोण चाळीस रुपयांना, सकाळी दहाच्या आत जा. तिथेही फोन चालला. मी पैसे भरत होते तेव्हा बाबा हळूच म्हणाले, “एकदा मला देऊ दे ना.” मी म्हटलं, अहो एकाच द्रोणाचे तर आहेत. आता ते वाक्य आठवलं की माझंच तोंड मला बघवत नाही.

त्या संध्याकाळी शहराच्या जुन्या भागात गडबड झाली. आम्ही दुपारीच घरी आलो होतो म्हणून निभावलं. रात्री फोनवरचं नेट गेलं. बिघडलं नव्हतं, अफवा पसरू नयेत म्हणून बंद केलं होतं, सगळ्या शहराचं. फोन लागत होते, बाकी काही नाही. सकाळी कामाला निघताना वसुधाने पाचशेची नोट पुढे केली. मी घेतली नाही. कार्ड आहे की माझ्याकडे, म्हटलं. खरं कारण हे की तुम्हाला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. बघा, कशासाठी काय!

ती गेली आणि माझ्या लक्षात आलं, बाबांच्या गोळ्यांची नवी पट्टी नाशिकलाच राहिलीय. एकच गोळी उरली होती, ती त्यांनी घेतली. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले, तर कार्डाचं मशीन ठप्प. त्याने पट्टी काढून ठेवली होती, पण नवख्या बाईला उधार कोण देणार? “कैश ले आइए मैडम, दवा रखी है,” म्हणाला. घरी येऊन बाबांना सांगितलं की एटीएमला जाऊन येते. पैसे नाहीत म्हणून गोळ्या देत नाही का, त्यांनी विचारलं. मी चिडूनच हो म्हटलं आणि ईशाला लक्ष ठेवायला सांगून निघाले.

पहिल्या एटीएमचं शटर खाली. दुसऱ्यावर पन्नासेक माणसांची रांग. दीड तास उभी राहिले. माझ्यापुढे सहा जण असताना मशीन रिकामं झालं. हात हलवत परत आले, तर दार नुसतं ओढलेलं, ईशा ओल्या केसांनी जिन्यात उभी, आणि बाबा नाहीत.

ती अंघोळीला गेली होती, तेवढ्यात ते बाहेर पडले. त्यांचा साधा फोन टेबलावर चार्जिंगला तसाच. परकं शहर, अशी गडबड चाललेली, गोळी उद्याची नाही, आणि खिशात एक दमडी नाही, कारण मी ठेवली नव्हती. ईशा रडत “सॉरी मौसी, सॉरी मौसी” म्हणत होती. तिला घरीच थांबवलं, वसुधाला फोन करायला सांगितलं आणि मी पळाले. माझ्या फोनमध्ये बाबांचे पन्नास फोटो होते, पण एकही कुणाला पाठवता येत नव्हता. दिसेल त्याच्यासमोर फोन धरायचा आणि विचारायचं, इन्हें देखा है? पानवाला, इस्त्रीवाला, दूधवाला, कुणीच पाहिलं नव्हतं.

टेढी पुलियाला एक ई-रिक्षावाला फोटो बघून थांबला. “हाँ, शॉल ओढ़े थे. हमने कहा बाबूजी बैठिए, बोले पैसे नहीं हैं, हम पैदल ही जाएँगे. मुंशी पुलिया की तरफ़ गए हैं.”

मी त्याला सांगितलं, पैसे माझ्याकडेही नाहीत.

“आप बैठिए तो,” तो म्हणाला.

मी बसले. बाबा बसले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे हाताळून एक पैसा इकडचा तिकडे न केलेला माणूस, भाडं नाही तर बसणार कसा? आणि मी बसले, एका शब्दावर. रिंग रोडभर मी दोन्ही बाजूंच्या फुटपाथवर प्रत्येक शाल बघत होते.

आधी जुनं घर. पार्लरवाल्या बाईंनी पाहिलं नव्हतं. मग एकदम आठवली बँक, आणि टेबलावर फोन होता पण त्यांची कापडी पिशवी नव्हती हेही तेव्हाच आठवलं. पिशवीत पेन्शनचं पासबुक असतं.

शाखेचं शटर अर्धं उतरलेलं. बाहेर उन्हाच्या उरल्यासुरल्या पट्ट्यात रखवालदाराने स्वतःची खुर्ची टाकून बाबांना बसवलं होतं. पासबुक मांडीवर. मला बघून ते उठायला लागले, आणि मी तिथेच पायरीवर बसून भोकाड पसरलं. चाळिशी उलटलेली बाई, पण काय करू.

“लिंक नाही म्हणाले गं,” बाबा म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती. “म्हटलं तुझी गोळ्यांची अडचण सोडवावी. शेवटपर्यंत थांबलो, पण पैसे नाही निघाले.”

रखवालदार सांगत होता, मी त्यांना रिक्षात बसवून देणारच होतो, पण पाठवू कुठे? पत्ता सांगता येईना, नंबर कुणाचा आठवेना. बाबांनी मान खाली घातली. खिशात हात घातला होता, म्हणाले, पण चिठ्ठी नव्हती.

“कसली चिठ्ठी?”

“ती नोटेत असते ना, ती.”

मला काही समजलं नाही आणि तेव्हा समजून घ्यायचं त्राणही नव्हतं. मी फोन केल्यावर थोड्या वेळाने वसुधा गाडी घेऊन आली. तोवर थांबलेल्या रिक्षावाल्याने तिच्याकडून रोजचं भाडं तेवढं घेतलं, जास्तीचे परत केले. वाटेत तिनेच रोख देऊन गोळ्या घेतल्या. मला एका शब्दाने बोलली नाही, त्यामुळे जास्तच लागलं. पाचव्या दिवशी आम्ही कुठेही गेलो नाही. बाबा ईशाला नोटा मोजायची त्यांची पद्धत शिकवत होते, वहीची पानं फाडून, आणि मी दाराला कडी आहे ना हे पुनःपुन्हा बघत होते. निघताना वसुधाची पाचशेची नोट घेतली, आणि परतीच्या गाडीत दिसेल त्या चहावाल्याला थांबवून बाबांना चहा पाजला. पैसे त्यांनीच दिले. उरलेले मोजून घेतले, दोनदा.

घरी आल्यावर बॅगा न उघडताच फ्रिजवरचा डबा काढला. रबर ठिसूळ झालं होतं, ओढताच तुटलं. नोटेच्या आत वहीच्या चौकटीच्या कागदाची चिठ्ठी, अक्षर आईचं. वर बाबांचं नाव, आमचा पत्ता, माझा नंबर, आणि खाली हिंदीत, तिच्या त्या लखनौला शिकलेल्या हिंदीत: ‘इनको कभी कभी रास्ता याद नहीं रहता. कृपया रिक्शा में बिठा दीजिए. भाड़ा साथ में है.’

म्हणजे आईला माहीत होतं. माझ्या कितीतरी आधी. तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त खिसा शिवला. आणि मी ते भाडंच काढून घेऊन बाबांना बाराशे किलोमीटरवर नेलं होतं.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते, मी आजही किराणा, वीजबिल सगळं फोनवरूनच भरते. तो सोयीचा आहेच. पण वाट चुकलेल्या माणसासाठी अनोळखी माणसाच्या हातात आगाऊ ठेवता येईल असं काही माझ्या फोनमध्ये मला सापडलं नाही. लखनौला जाल तेव्हा, किंवा कुठेही जाल, बरोबर कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याचा खिसा रिकामा करू नका.

चिठ्ठी पुन्हा नोटेत घालून मी नवं रबर शोधत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले. माझे डोळे बघितले, हातातली नोट बघितली.

“शंभरात नाही भागायचं आता,” ते म्हणाले. “रिक्षा महागल्यात. दोनशेची ठेव.”