भर दुपारी ढकलत नेलेली जीप

ती जीप चोरीला गेली भर दुपारी, भरवस्तीतून, आणि ती जाताना कुणालाच दिसली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात दगड खाल्ले. पण निवांत बसलो की मला आठवते ती ही साधी चोरीची फिर्याद.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी दोंडाईच्याला उपनिरीक्षक होतो. लोक मात्र फौजदारच म्हणायचे, आणि मलाही ते बरं वाटायचं. मिरचीचा हंगाम सुरू होता. त्या दिवसांत बाजारावरून वारा फिरला की अख्खं ठाणं खोकायचं. ठाणे अंमलदार शिंकत शिंकत स्टेशन डायरी लिहायचे. अशाच एका संध्याकाळी मिरचीचे एक व्यापारी तावातावाने आत आले. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणत. ते जळगावहून रेल्वेने उतरून घरी गेले होते आणि अंगणात जीप नाही म्हणून तडक ठाण्यात आले होते. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला इंजिनाचा पंप होता. तो जीपसाठीच आणलेला.

ती जीप आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीची होती. परदेशी बनावटीची, उंच, चारही चाकांना जोर असलेली. आत चामड्याच्या सीटा आणि गार हवेचं यंत्र. कुठल्याशा परदेशी कंपनीने काम संपल्यावर लिलावात काढलेली ही गाडी दोन मालक फिरून भाऊंकडे आली होती. घेताना भाऊंना ती स्वस्त वाटली. पुढे तिने भाऊंना चांगलंच पाणी पाजलं. तिचा सुटा भाग धुळ्याला मिळायचा नाही, जळगावला क्वचित, नाहीतर मुंबईच्या जुन्या बाजारात महिनामहिना शोधायचा. एक काम काढलं की दुसरं निघायचं. गिअर दुरुस्त झाला की रेडिएटर गळायचा. गार हवेचं यंत्र तर गरम हवा फेकायचं. एका पंपाच्या किमतीत नवी मोटारसायकल आली असती, असं भाऊंनीच मला सांगितलं, आणि तेही जरा अभिमानाने. "पण एकदा का ही नीट झाली ना साहेब, की जिल्ह्यात अशी गाडी नाही," ते म्हणाले.

फिर्याद घेताना मी विचारलं, "गाडी चालू स्थितीत होती?"

"स्टार्टर गेलेला आहे. धक्का दिला की चालू होते," भाऊ म्हणाले.

गुन्हा दाखल केला. धुळे, शिरपूर, जळगाव, सगळीकडे वायरलेस गेले. नाकाबंदी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या अंगणाचा पंचनामा केला आणि गल्लीत घरोघर विचारत फिरलो. प्रश्न नेहमीचाच. काल दुपारी काही वेगळं दिसलं का? कुणी अनोळखी माणूस, अनोळखी वाहन? उत्तरही सगळीकडे एकच. नाही साहेब, वेगळं काही नाही. घरातल्या बायकाही तेच म्हणाल्या. एवढी मोठी गाडी गल्लीतून गेली आणि गल्लीला पत्ता नाही, याने माझं डोकंच चालेना.

त्याच दुपारी खबर मिळाली. भंगार बाजारातला आमचा एक माणूस येऊन कानाशी लागला. भाऊंचा ड्रायव्हर आठवड्यापूर्वी तिथे विचारत होता, अशी जीप मोडीत घातली तर काय येईल. एवढं पुरे होतं. ड्रायव्हरला ठाण्यात आणलं.

तिशीतला माणूस, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. बायकोसह भाऊंच्या वाड्यामागच्या खोलीत राहायचा. मी त्याला समोर बसवला आणि विचारायला सुरुवात केली. गाडी कुठे आहे? भंगारात का गेला होतास? कुणी सांगितलं होतं? त्याने एका प्रश्नाचंही उत्तर दिलं नाही. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. जो बोलतच नाही तो एक तर सराईत असतो, नाहीतर कुणाला तरी शब्द दिलेला असतो. हा सराईत वाटत नव्हता. सराईत माणूस लॉकअपमध्ये शिरल्याबरोबर भिंतीला टेकून झोपतो. हा दाराकडे तोंड करून बसून राहिला.

भाऊ आले आणि म्हणाले, "साहेब, जरा पोलिसी खाक्या दाखवा ना. लगेच बोलेल."

"खाक्या कुणाला आणि केव्हा दाखवायचा ते मी बघतो," मी म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही. पण मला त्या माणसाबद्दल वाईट वाटायला लागलं होतं. चोरीच्या गुन्ह्यात एकदा कोर्टात उभा राहिला असता, तर त्या भागात पुन्हा कुणी त्याच्या हातात गाडी दिली नसती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला रिमांडसाठी न्यायचं होतं.

त्या दिवशी सकाळी मी शेवटचं म्हणून त्याच्याशी बोलायला गेलो. त्याची बायको भाऊंच्याच मिरची दळायच्या गिरणीत कामाला आहे, हे हवालदाराकडून कळलं होतं. मी सहज म्हणालो, "तू बोलत नाहीस. आता गिरणीत जाऊन तिथल्या बायकांनाच विचारतो."

तो ताडकन उठला. "साहेब, मीच चोरी गाडी. लिखी ल्या."

रात्रभर दगडासारखा बसलेला माणूस गिरणीचं नाव काढल्याबरोबर कबुली देतो, हे मला पटेना. मी विचारलं, "एकट्याने चालू कशी केलीस?"

"उतारवर लायेल व्हती."

आमच्याकडे स्टार्टर नसलेली गाडी उतारावरच लावतात, तेव्हा उत्तर तसं बरोबर होतं. पण अंगणाचा पंचनामा मी स्वतः केला होता. अंगण सपाट, पुढची गल्लीही सपाट. तसं सांगितल्यावर तो पुन्हा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी परत गल्लीत गेलो. भाऊंच्या घरासमोरच्या ओट्यावर एक म्हातारे आबा दिवसभर बसलेले असत. या वेळी प्रश्न बदलला. "आबा, परवा दुपारी ती जीप कुणी ढकलत होतं का?"

"हां, ढकली राहिंत्यात ना घरन्या बाया," आबा म्हणाले. "भाऊनी माय अक्का बी व्हती. कोपरावर ट्रॅक्टर उभं व्हतं, त्याले बांधी."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारं, येगळं काय दिसनं. ते तं रोजनंच शे."

मला हसू आलं, आणि रागही आला, तो स्वतःच्याच प्रश्नाचा. ती गाडी रोज ढकलावी लागत होती. रोज घरच्या बायका, गडीमाणसं हात लावत होती. त्यामुळे त्या दिवशी ती ढकलत गल्लीबाहेर नेली, तेव्हा कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

तिथून गिरणीत गेलो. भाऊंच्या धाकट्या भावाची विधवा बायको ती गिरणी चालवायची. नवरा गेल्यावर तिने ती स्वतः उभी केली होती, फक्त कागद घरातले कर्ते म्हणून भाऊंच्या नावावर होते. तोंडाला फडकी बांधून पाचसहा बाया काम करत होत्या. भाऊंची म्हातारी आई, अक्का, दाराशी बसून मिरच्यांची देठं खुडत होत्या. मी धाकट्या सुनेला म्हणालो, "तुमचा ड्रायव्हर लॉकअपमध्ये आहे. आज कोर्टात जाईल."

तिच्या हातातलं सूप तिथेच राहिलं. "तो तं गावले गया ना? भाऊ तसंच म्हने." बायकांनी मध्ये पडू नये म्हणून भाऊंनी घरी ती थाप मारली होती.

अक्कांनी मान वर केली. "त्या पोऱ्याले आधी सोडा. मी सांगस तुम्हले," त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. भाऊंनी गिरणीला गिऱ्हाईक पाहिलं होतं. गिरणी विकून जीपला मुंबईहून नवं इंजिन बसवायचं ठरलं होतं. अक्का सांगून थकल्या, सून रडून थकली. भाऊंचं एकच, इंजिन बदललं की पुढे खर्चच नाही. शेवटी अक्कांनी ड्रायव्हरला भंगाराचा भाव विचारायला पाठवलं, पण मुलाची हौस मोडीत घालायला त्यांचं मन होईना. भाऊ पंप आणायला जळगावला गेले त्या दुपारी त्यांनी माहेरच्या भाच्याचा ट्रॅक्टर बोलावला आणि सगळ्यांनी मिळून जीप बाहेर काढली. ड्रायव्हरने शब्द दिला होता, काही झालं तरी तो बोलणार नाही. गाडी सापडली असती तर गिरणी गेली असती, आणि गिरणीवर त्याची बायको आणि त्या बाकीच्या बायाही पोट भरत होत्या.

अक्कांच्या माहेरी तापीकाठच्या गावात एका गोठ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांखाली जीप मिळाली. पुढच्या लोखंडी दांड्याला गाय बांधलेली होती.

भाऊंना मी ठाण्यात बोलावलं, दार लावून घेतलं आणि जे कळलं ते सांगितलं. आता हा माणूस घर डोक्यावर घेणार, याची मनाशी तयारी केली होती. त्यांनी हळूच विचारलं, "अक्का बी ढकलत व्हती?"

"हो. रोजच ढकलत होत्या, असं आबा म्हणाले."

एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारे भाऊ घरच्या बोलीत आले. "मी पुढे बठेल ऱ्हाऊ, साहेब. मांगे कोन ढकली राहिनं ते कधी देखंच नही." त्यांचे डोळे भरून आले. मी खिडकीकडे पाहिलं.

त्यांनी पुरवणी जबाब दिला. घरच्यांनी घरातली वस्तू हलवली, लबाडीचा हेतू नाही, म्हणून प्रकरण गैरसमजातून झालेलं ठरवून सी समरीने बंद करण्यासाठी कागद कोर्टात पाठवले. रिमांडचा अर्ज अर्थातच थांबला. कोर्टाचे सोपस्कार आटोपून ड्रायव्हर सुटला तेव्हा भाऊ स्वतः त्याला न्यायला आले होते. त्यांना बघून तो उठला नाही.

"गाडी सापडनी?" त्याने विचारलं.

"सापडनी."

"मंग गिरनी?"

"गिरनी कोठेच जात नही," भाऊ म्हणाले. "चल, घर चल. तुनी बायको वाट देखी राही."

तेव्हा कुठे तो रडला. रिमांडच्या नावाने न रडलेला माणूस हुंदके देऊन रडला, आणि भाऊ त्याच्या शेजारी बाकावर टेकून त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. ठाणे अंमलदारांनी डायरी पुढे ओढली, पण पेन काही हातात घेतलं नाही.

जीप पुढे एका हौशी माणसाने घेतली. त्यालाही ती स्वस्तच वाटली असणार. ही शेवटचीच दुरुस्ती, असं म्हणणारी माणसं मी नंतरही पुष्कळ पाहिली. कुणाची गाडी असते, कुणाचा दारूचा पेला, कुणाचा कोर्टातला दावा. आतापर्यंत इतकं घातलं म्हणून आणखी थोडं घालायचं, हे त्यांचं गणित. अशा माणसाला आकडे दाखवून उपयोग होत नाही.

त्या प्रकरणानंतर साक्षीदाराला काही वेगळं दिसलं का, असं विचारायचं मी सोडलं. रोज काय दिसतं, ते आधी विचारू लागलो. हाताखालच्या पोरांनाही तेच शिकवलं आणि त्याने पुढे बरेच गुन्हे उघडकीला आले. पण ती माझ्या नोकरीची गोष्ट झाली. घरी मात्र त्या आठवड्यात मी बायकोला पहिल्यांदा विचारलं, माझ्या बदल्यांमागून गावोगाव संसार हलवताना तुझं काय होतं. ती म्हणाली, आता विचारलंत तर बसा, वेळ लागेल.