मालतीच्या नावाचा फोटो

सौंसरच्या बसस्टँडजवळ नलिनीचा फोटो स्टुडिओ आहे. तिच्या वडिलांनी, भगवंतरावांनी, गावोगावच्या लग्नांत काढलेले हजारो फोटो तिनं कम्प्युटरवर चढवले आणि एआयचं सॉफ्टवेअर घेतलं. एका चेहऱ्याला नाव दिलं, की तो चेहरा असलेले बाकीचे फोटो आपोआप त्या नावाखाली यायचे. लोक मुद्दाम बघायला येत आणि नलिनी कौतुकानं दाखवी.

बोरगावच्या केसरबाईंची थोरली लेक मालती काविळीनं गेली. तेरवीला लावायला फोटो हवा म्हणून त्या स्टुडिओत आल्या. नलिनीनं आधीच नोंदवलेलं मालतीचं नाव टाकलं आणि आलेल्यांतला सगळ्यात हसरा फोटो निवडला.

केसरबाई वाकून बघत राहिल्या. "ही मालतीच होय का वं? मले आमची लहानी, तृप्ती, वाटून राहिली."

"बहिणी सारख्याच दिसतात, काकू. कम्प्युटर चेहरा बरोबर ओळखतो. तुमचे डोळे रडून थकले आहेत."

केसरबाई तोच फोटो घेऊन गेल्या.

तेरवीच्या सकाळी तृप्ती छिंदवाड्याहून माहेरी आली. फोटोला हार घातलेला, पुढं दिवा. फोटोत ती स्वतःच होती. तिनं स्टुडिओत फोन लावला. "ताई, मी जिवंत आहो ना अजून!"

नलिनी लॅपटॉप घेऊन तशीच स्कूटीवर बोरगावला निघाली. घरात पाहुणे कुजबुजत होते. केसरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मी माय असून ओळखलं नाही वं. जित्या लेकीले हार घातला."

"तुम्ही ओळखलं होतं, काकू," नलिनी म्हणाली. "मीच ऐकलं नाही. चूक माझी आहे."

ते केसरबाईंच्या कानावरच गेलं नाही. त्या तेच तेच म्हणत राहिल्या.

तृप्तीनं हार उतरवला आणि नलिनीशेजारी बसून एकेक फोटो बघितला. "ही मी. हीपण मी. ही ताई, पंगतीत वाढून राहिली ती." नलिनीनं प्रत्येक नाव हातानं दुरुस्त केलं. जेवणं आटोपायच्या आत ती मालतीचा फोटो छापून घेऊन आली.

ती अधूनमधून बोरगावला जाते. केसरबाई चहा करतात, मालतीचं लहानपण सांगतात, रागाचा शब्द काढत नाहीत. त्यांनी एकदा तरी आपल्याला रागावून बोलून घ्यावं, असं नलिनीला दर वेळी वाटतं.