सुकट, दोनशे तेरा

दीड महिना झाला. हेमाताईच्या लेकीचा, प्राचीचा फोन आला तेव्हा मी डब्यात भेंडी भरत होते. "मावशी, आई गेली... झोपेतच." आणि माझ्या मेल्या मनात पहिलं काय यावं? आज शुक्रवार, आज हेमाताईच्या डब्यात सुकट असणार! रडता रडता स्वतःचीच लाज वाटली. पण हे हेमाताईला सांगितलं असतं, तर ती पोट धरून हसली असती.

एपीएमसी मार्केटजवळच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. ती खाडीकाठच्या गावातली कोळीण. आई टोपली घेऊन मासळी विकायची, आणि ही आमच्याकडची एक्सेलची उस्ताद. मी बारा वर्षं घर सांभाळून नोकरीत परतलेली, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं नाही तर घरी, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलेलं. एका यादीतला आकडा दुसरीतून शोधून आणणारं व्हीलुकअप माझं दरवेळी चुकायचं. "शेवटी फॉल्स लिव गो," ती म्हणायची, "नायतर अंदाजपंचे कायपन आनून देतो." दोन-तीन चौकोन जोडून मर्ज केलेले सेल दिसले की तिचा पारा चढायचा. साहेबांनी एकदा सतरा फाकांचा गोल चार्ट काढला, तर त्यांनाच म्हणाली, "साहेब, एका भाकरीचे सतरा तुकडे केल्यावर मोठा कोनचा ते कसं दिसनार? पट्ट्या काढा." साहेबांनी मुकाट काढल्या.

पिव्होट टेबल तिने मला आमच्या डब्यांवर शिकवलं. रोज जेवताना नोंद करायची: तारीख, नाव, भाजी. एका ओळीत एकच डबा, मध्ये रिकामी ओळ नाही. "आधी यादीचं टेबल कर, म्हंजे नंतर लिवशील तेपन मोजलं जाईल. आनि पिव्होट म्हंजे काय? वाटे! टोपलीत सगलं म्हावरं एकत्र हाय, कोलंबी इकडं, बोंबील तिकडं. झालं!" दोन क्लिकमध्ये माझं पितळ उघडं पडलं. दोन महिन्यांत भेंडी एकोणीस वेळा! "तुज्या नवऱ्याची दया येते गो," म्हणाली, आणि स्वतःची सुकट माझ्या पोळीवर वाढली.

तीन महिने भरले त्या दिवशी साहेबांपुढे माझा पिव्होटवरून काढलेला अहवाल होता, कुठल्या खोलीत कुठल्या फळाच्या किती पेट्या. गेलेला माल मी शेवटच्या क्षणी यादीतून काढला आणि ऐटीत स्क्रीन लावली. "चार नंबरमधला आंबा काल गेला ना?" साहेब म्हणाले. "मग इथे कसा?" माझ्या तोंडचं पाणीच पळालं. गेली नोकरी! हेमाताईने माउसला हात लावला नाही. नुसतं म्हणाली, "टोपली बदलली. वाटे परत कोन घालनार?" मी राइट क्लिक करून रिफ्रेश दाबलं, पिव्होटने बदललेली यादी पुन्हा मोजली. आंब्याची पट्टी गायब! साहेब हसले. त्याला आता पाच वर्षं झाली, मी अजून त्याच खुर्चीत आहे.

दिवसकार्य आटोपल्यावरच्या शुक्रवारी प्राची ऑफिसात आली, आईचाच डबा घेऊन. सुकट! "आई कमी वाढते म्हणून कुरकुरायचात ना? घ्या आता." आम्ही जेवलो, मध्येच रडलो, पुन्हा वाढून घेतलं. मग पाच वर्षं रोज भरत आलेली डब्यांची फाइल मी उघडली. तारीख टाकली. नावाच्या रकान्यात 'प्राची' लिहिलं... पुसलं. 'हेमाताई' लिहिलं. भाजी, सुकट.

शेजारच्या पिव्होटमध्ये तिच्या नावापुढे सुकटीचे डबे अजून दोनशे बाराच होते. वाटे परत कोण घालणार, ताई? मीच घालणार.

रिफ्रेश दाबलं. दोनशे तेरा.