हलवलेली मान

वाटूरच्या म्हाताऱ्याने पंख्याखाली झोपायला मिळावं म्हणून शेजारच्या पेशंटशी खाट बदलली होती, हे मला ठाऊक नव्हतं. तो गुंगीत होता. इन्सुलिनची सुई हातात धरून मी त्याच्या बायकोला त्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव ती घेईना. मी वैतागले आणि खाटेला अडकवलेल्या कागदावरचं नाव स्वतःच वाचलं. तिने मान हलवली. त्याच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचायला दोन सेकंद लागले असते. शेजारच्याचं इन्सुलिन मी त्याला टोचलं. साखर एकदम उतरली आणि संध्याकाळी तो गेला.

तेराव्यानंतर ती वॉर्डात आली. “सिस्टर वाचती म्हंजे बराबरच असंल, म्हून मी मान हालवली. माझीच चुकी झाली, बाई.”

आता पट्टी वाचल्याशिवाय मी सुई टोचत नाही. ती आली त्या दिवशी मात्र मी तिला पाणी दिलं आणि चूक माझी आहे, एवढं बोलले नाही.