माजिदाताई आणि सत्तावीस बागांचा धनी

नोंदी पुसण्याआधी ती मोजते. काहीही असो. आधी मोजते, प्रत काढते, मग हलकेच बिस्मिल्ला म्हणते आणि कळ दाबते.

तक्त्यांची आखणी जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे करते. तिच्या खणात पत्रिकांचा गठ्ठा असतो.

कॉम्प्युटरवर चिडत नाही. "काय झालं राजा?" असं विचारते.

"ॲप चालत नाही" असं कोणी म्हणालं की तिचा एकच प्रश्न असतो. "म्हणजे नक्की काय दिसलं?" समोरचा वैतागतो. ती पुन्हा तेच विचारते.

केळी घेताना डझन दोनदा मोजते. केळेवाला आता स्वतःच तिच्यासमोर दोनदा मोजतो.

ही माजिदा मणियार. वय एकेचाळीस. वडील इब्राहिम यांचं भद्रकालीत गाद्यांचं दुकान होतं. ती बी.कॉम. झाली आणि माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आकडे भरायला लागली. सहा वर्षं भरले. एकच आकडा तीन ठिकाणी भरावा लागतो याचा तिला राग आला. त्या रागातून ती डेटाबेस शिकली. आता कॅनडा कॉर्नर चौकातल्या आमच्या छोट्या कंपनीत सगळे अडले की तिच्या टेबलाशी जातात.

मी मराठीत एम.ए. केलं. ॲपमध्ये जी वाक्यं दिसतात ती मी लिहिते. 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' हे माझं आहे. माझी भाषा माणसांना कळावी म्हणून मला पगार मिळतो. माणसं खरंच कळतात ती माजिदाताईला, हे मला मागच्या फेब्रुवारीत दिसलं.

पिंपळगावच्या एका निर्यातदारासाठी आम्ही ॲप केलं आहे. शेतकऱ्याची नोंद, त्याची बाग, बागेच्या नमुन्याचा अहवाल, असं सगळं त्यात असतं. अहवालात फवारणीच्या औषधाचा अंश जास्त निघाला की ॲप त्या शेतकऱ्याचा माल थांबवतं. तसंच हवं होतं.

एका मंगळवारी सकाळी निर्यातदाराच्या पॅकहाऊसचा मॅनेजर शेखर याचा फोन आला. निफाडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा सगळा माल ॲपनं अडवला होता. नमुना एकाच बागेचा नापास होता. अडले होते सत्तावीस जण. द्राक्षं उतरवायला तयार होती. कंटेनर गुरुवारी निघणार होता. पुन्हा नोंदणी करायची तर पुन्हा नमुने, आणि अहवालाला आठ दिवस.

"ताई, आठ दिवस माल वेलीवर राहिला तर मणी तडकतील हो," शेखर म्हणाला.

"नक्की काय दिसतंय?" माजिदाताईनं विचारलं.

"एकच शेतकरी दिसतोय. धोंडीराम. सत्तावीस बागांचा मालक."

ताईनं नोंदी उघडल्या. पाच मिनिटं वर-खाली चाळल्या. मग हसायला लागली.

आमचं ॲप शेतकऱ्याला मोबाईल नंबरावरून ओळखतं. एक नंबर, एक माणूस. या वस्तीवर रेंज मिळते ती एकाच जागी, अंगणवाडी सेविका आक्काबाईच्या ओट्यावर. ऑक्टोबरात फील्ड ऑफिसर नोंदणीला गेला. घरोघर फिरताना कोणाच्याच फोनवर ओटीपी येईना. ओट्यावर आक्काबाईच्या फोनवर लगेच आला. मग त्यानं सगळ्यांसाठी तिचाच नंबर टाकला. ॲपला वाटलं, एकच माणूस पुन्हा पुन्हा येतोय आणि नाव बदलतोय. त्यानं आधीचं नाव पुसून पुढचं लिहिलं. शेवटी आला धोंडीराम. तोच राहिला.

"नकाशावरून ओळखता येतील ना बागा?" मी विचारलं.

तिनं नकाशा दाखवला. सत्तावीस बागा एकाच ठिपक्यावर होत्या. रेंजसाठी सगळ्यांनी फॉर्म ओट्यावरूनच भरले होते.

"संजना, एवढी दाट लागवड कुठे पाहिलीस?"

जमिनीच्या गट नंबरचा रकाना रिकामा होता. भरायची सक्ती नव्हती. नमुने घेताना कुठली बाग कोणाची हे फील्ड ऑफिसरला तोंडपाठ होतं. तो नमुने झाल्यावर नोकरी सोडून गेला. त्याचा फोन लागत नव्हता.

"चल," ती म्हणाली. तिनं एक लग्नपत्रिका पर्समध्ये टाकली आणि स्कूटीची किल्ली घेतली.

दुपारी आम्ही ओट्यावर पोचलो. अर्धी वस्ती जमली होती. आक्काबाई साठीच्या आसपासची, चष्मा दोरीनं बांधलेला.

"तुमच्या ॲपनं मला सत्तावीस वेळा तेच कळवलं," ती म्हणाली. "आपली नोंदणी तात्पुरती स्थगित करण्यात आली आहे. कोण लिहितं गं असलं?"

मी ओट्याच्या कडेला सरकले.

माजिदाताईनं तिचा फोन मागितला. त्यात एकही मेसेज पुसलेला नव्हता. गॅसचे, बँकेचे, लागलेल्या लॉटऱ्यांचे. आणि ऑक्टोबरातले आमचे सत्तावीस ओटीपी, वेळेसकट.

"आक्का, हे आकडे तुम्हीच वाचून दाखवत होतात ना? कोण कधी आलं आठवतं?"

"आठवंल की. दोन दिवस दुसरं काय केलं मी?"

ताईनं लॅपटॉप उघडला. "पहिली नोंद. सकाळी आठ चाळीस."

"खोटं हाय."

"इथे लिहिलंय आक्का."

"लिहिलं असंल. आठ चाळीसला मी अंगणवाडीत असते. माझा फोन माझ्याजवळ असतो. सकाळी कुणीच आलं नाय."

लोक कुजबुजले. गोटीराम नावाचा उंच गृहस्थ म्हणाला, "आक्का, वय झालं. विसरली असशील."

"तुझ्या पोरांची जन्मतारीख सांगू का, तुला येत नाय ती?"

माजिदाताईनं फोन पाहिला. पहिला ओटीपी दुपारी दोन दहाचा होता. तिनं कपाळावर हात मारला.

"आक्का बरोबर आहेत. आमचा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेनं चालतो. साडेपाच तास मागे."

"मग त्याला सांगा, वस्ती निफाडला हाय," आक्काबाई म्हणाली.

त्यानंतर काम भराभर झालं. ताई फोनमधली वेळ वाचायची, आक्काबाई माणूस सांगायची.

"दोन दहा."

"संतोष. जेवून उठून आला होता. हाताला ठेच्याचा वास."

"एक एकर, वाण थॉमसन?"

"एकच हाय," संतोष मागून म्हणाला.

"दोन एकवीस."

"निकिता, त्याची भावजय. तेव्हा दोघं बोलत नव्हते. ती लांब उभी होती."

"आताही नाही बोलत," निकिता म्हणाली, आणि संतोषसकट सगळे हसले.

लग्नपत्रिकेच्या मागे नावं उतरत गेली. प्रत्येक नावाला ताई क्षेत्र आणि वाण विचारून नोंदीशी ताडून घेत होती. दोन नावं उलटी लागली होती, ती तिथेच सुटली. सर्व्हरवर वेळ होती पण माणूस नव्हता. आक्काबाईकडे माणूस होता. मी दोन वर्षं समीक्षा शिकले. दोन अपुऱ्या संहिता अशा जुळताना मी कधी पाहिल्या नव्हत्या.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. नापास बाग कितव्या नंबरची, हे ताईनं कोणालाच सांगितलं नव्हतं. लोकांनी तीनदा विचारलं. "सगळे लिहून होऊ देत," एवढंच ती म्हणाली.

सत्ताविसावं नाव लिहिलं. धोंडीराम. तिनं नावं मोजली. पुन्हा मोजली.

"आता सांगते. एकोणीस."

सगळे पत्रिकेवर वाकले. एकोणीस, पहिल्या दिवसाची शेवटची नोंद, पाच वाजून पाच मिनिटं. त्यापुढे आक्काबाईचंच नाव होतं. रांग सरल्यावर तिनं आपल्या अर्ध्या एकराची नोंद केली होती. तासाभरापूर्वी तिनं स्वतःच तसं सांगितलं होतं.

आक्काबाईनं चष्मा काढला.

"अगं बाई. म्हणजे वस्ती मीच अडवली."

"आक्का," गोटीराम म्हणाला, "फवारणी कधी बंद करायची ते आम्हाला तूच सांगत होतीस ना?"

"तुम्हाला सांगितलं. मला सांगायला कोण होतं?" ती हसली. मग ताईकडे वळली. "शेजारचा पंप उशिरा मोकळा झाला, म्हणून उशिरा फवारलं. माझा माल थांबू दे. यांचा जाऊ दे."

"पंधरा दिवसांनी तुमचा नमुना पुन्हा घेऊ. अंश कमी झाला असेल तर पुढच्या कंटेनरला जाईल."

"जाईल तेव्हा जाईल. आधी चहा घ्या."

धोंडीराम इतका वेळ कडेला उभा होता. तो पुढे आला. दिवाळीत निर्यातदाराकडून त्याला 'मोठे बागायतदार' म्हणून भिंतीवरचं घड्याळ आलं होतं. त्याची बाग पाऊण एकर.

"ताई, घड्याळ परत द्यावं लागंल का?"

"डेटाबेसमध्ये घड्याळाचा रकाना नाही काका," माजिदाताई म्हणाली.

बुधवारी तिनं प्रत्येक शेतकऱ्याला वेगळा क्रमांक दिला. बागा आणि अहवाल त्या क्रमांकांखाली हलवले. आधी मोजल्या सत्तावीस, नंतरही सत्तावीस. प्रत काढली, बिस्मिल्ला म्हणाली, कळ दाबली. गुरुवारी संध्याकाळी शेखरचा फोन आला. कंटेनर निघाला होता. सव्वीस जणांची द्राक्षं त्यात होती.

मी ते स्थगितीचं वाक्य बदललं. आता तिथे लिहिलं आहे, 'तुमचा माल सध्या घेता येत नाही. कारण खाली वाचा.' ताईनं ते आक्काबाईला फोनवर वाचून दाखवलं. "हे कळतं," ती म्हणाली.

एक काम तेवढं राहिलं. क्रमांक वेगळे झाले, पण मोबाईलच्या रकान्यात अजून आक्काबाईचाच नंबर आहे. प्रत्येकाचा स्वतःचा नंबर तिथे भरायचा आहे. त्यासाठी माणसाला फोन घेऊन रेंजमध्ये, म्हणजे ओट्यावरच बसवावं लागतं. माजिदाताई तीन रविवार जाऊन आली. पहिल्या रविवारी सहा झाले. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी एकच झाला, कारण निकितानं मांडे केले होते. बाकीचे म्हणतात, आक्काचा नंबर आहे ते बरं आहे, निरोप पोचतो.

पंधरा बाकी आहेत.